गिऱ्हाईक की पाहुणे?

पुनरुत्थानाचा सण पार पडला, की आमच्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडच्या धर्मग्रामांत दोन सूचना हमखास वाचल्या जातात. एक प्रथम कम्युनियनच्या वर्गाची आणि दुसरी वार्षिक सहलीची. पहिली सूचना चालू असताना मागच्या बाकांवर कुजबुज असते; दुसरी सुरू झाली, की ती एकाएकी थांबते. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर चौकशीला ऊत येतो. बस वातानुकूलित आहे ना? पोहण्याचा तलाव केवढा आहे? जेवणात मासळी आहे, की नुसतीच कोंबडी? पाच वर्षांखालच्या मुलांना पैसे का? या सर्व प्रश्नांची उत्तरे मी पंचवीसहून अधिक वर्षे हसतमुखाने देत आलो आहे. एक प्रश्न मात्र इतक्या वर्षांत कधी कानी आला नाही. "फादर, आपण कोणाकडे चाललो आहोत?" असे मला अद्याप कोणी विचारलेले नाही.

कोणी विचारावे तरी का? आपण कोणाकडे जातच नाही. आपण 'कुठे' जातो. 'कोणाकडे' जात नाही. अर्नाळा, केळवे, डहाणू, बोर्डी ही आपल्या लेखी ठिकाणे आहेत. तेथे माणसे राहतात, त्यांची घरे, शेते, होड्या आणि दुःखे आहेत, हे आपल्या गावीही नसते. पैसे भरावेत, भरल्या पैशांची मौज पदरात पाडून घ्यावी आणि रात्री नऊच्या आत घोडबंदर रस्त्याच्या गर्दीतून घरी परतावे, एवढाच आपला आणि त्या किनाऱ्याचा संबंध. याला नाव एकच आहे: गिऱ्हाइकी. ख्रिस्ती माणसाने कोणाच्या अंगणात गिऱ्हाईक म्हणून पाऊल टाकू नये, पाहुणा म्हणून टाकावे. आणि आपल्या धर्मग्रामांच्या सहली आज ज्या रीतीने निघतात, त्या रीतीने त्या बंद कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पुष्कळांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

प्रथम माझाच अपराध सांगतो, म्हणजे दुसऱ्यांना बोल लावण्याचा अधिकार थोडासा तरी मिळेल.

काही वर्षांपूर्वी आमची सहल उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावर गेली होती. तेथील रिसॉर्टचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष त्याचा नव्हता. भोजनगृहाची एक अख्खी भिंत गेरूच्या रंगाने रंगवून तीवर पांढऱ्या रेषांनी वारली चित्रे काढलेली होती. जेवणानंतर मुले माझ्याभोवती जमली आणि मला शिकवण्याची हुक्की आली. त्रिकोण म्हणजे काय, वर्तुळ म्हणजे काय, तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे कसे फिरते, हे सारे मी मोठ्या रसाळपणे सांगितले. पलीकडे एक विशी-बाविशीचा तरुण आमच्या उष्ट्या पत्रावळी गोळा करीत होता. त्यालाही ज्ञान मिळावे म्हणून मी जवळ बोलावले आणि भिंतीकडे बोट दाखवून विचारले, "हे काय आहे, ठाऊक आहे का तुला?" तो किंचित हसला आणि खाली मान घालून म्हणाला, "आमच्या घरी आई काढते." मग त्याने पुढली पत्रावळ उचलली.

तो वारली होता. जिच्या हातची ती रेघ, तिच्या मुलाला मी तिचा अर्थ सांगायला निघालो होतो; आणि तो मात्र आमचे खरकटे काढीत होता. दिवसभर तो आमच्यात वावरला होता, पण त्याचे नाव काय, गाव कोणते, हे आमच्या पन्नास माणसांपैकी एकानेही विचारले नव्हते. त्या दिवशी बसमध्ये परतीची रोझरी म्हणताना माझे चित्त ठिकाणावर नव्हते.

वारली चित्र ही मुळात भिंत सजवण्याची कला नाही. लग्नघरात सवाशिणींनी काढलेल्या चौकावाचून वारल्यांचे लग्न लागत नाही. शेणामातीने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे पाणी आणि बांबूची काडी एवढ्या साहित्यानिशी तो चौक उभा राहतो, आणि त्यात पालघट देवी विराजमान होते. आपल्याकडे विवाहसंस्काराला साक्षीदार जितके आवश्यक, तितकाच तेथे तो चौक आवश्यक. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही रेषा भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळालेले आहे. तरीही आज आपल्या दिवाणखान्यातील उशांच्या अभ्र्यांवर, शाळेच्या कुंपणावर, एवढेच काय, नाताळच्या गोठ्याच्या पाठीमागेही, ती चित्रे छापील साच्यांतून उमटतात. आणि ती कोणी काढली, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. वस्तू हाती आली, माणूस गळून पडला. गिऱ्हाइकीचे लक्षण ते हेच.

ज्यांची ही कला, त्यांच्याकडून याच मुलखात पिढ्यानपिढ्या वेठबिगारी करून घेतली गेली. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली त्या वेठीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा कुठे ती मोडण्यास आरंभ झाला. हा इतिहास परक्या प्रांताचा नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार हे सारे आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. आपल्या जिल्ह्यातील भावंडांचे चित्र आपण भिंतीला लावले. भावंडे मात्र आपल्या नजरेआडच राहिली.

गिऱ्हाईक आणि पाहुणा यांत भेद काय? गिऱ्हाइकाने पैसे मोजले, की त्याचे नाते संपते. कोणाचे देणे उरले नाही, याचेच त्याला समाधान असते. पाहुण्याचे नाते मात्र निरोप घेताना सुरू होते, कारण तो ऋण घेऊन परततो. गिऱ्हाईक तक्रार करतो, पाहुणा आभार मानतो. गिऱ्हाइकाला आपल्या आवडीचे जेवण लागते, पाहुणा पानात पडेल ते गोड मानून घेतो.

हा भेद मी माझ्या पदरचा सांगत नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातील दहावा अध्याय काढून पाहावा. प्रभू येशू बाहत्तर शिष्यांना गावोगाव धाडतो, तेव्हा त्यांना प्रवासाचे नियम घालून देतो. थैली घेऊ नका. घरात शिरताना प्रथम त्या घराला शांती चिंता. वाढतील ते खा. एक घर सोडून दुसऱ्या घरी हिंडत राहू नका. सहलीला जाणाऱ्यांसाठी याहून नेमके नियम मला अन्यत्र आढळलेले नाहीत. आपण नेमके याच्या उलट वागतो. आपण थैली भरून नेतो, शांतीऐवजी ध्वनिवर्धक नेतो, वाढलेल्या ताटाला नावे ठेवतो, आणि दरवर्षी नवे रिसॉर्ट शोधतो. कारण जुन्यात 'पाहण्यासारखे काही उरले नाही'.

पाहुणचाराचे महत्त्व आम्हा ठाणेकर ख्रिस्ती लोकांना तर कोणी समजावून सांगण्याची गरज पडू नये. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन व्रतस्थ समुद्रमार्गे या ठाण्यास आले. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि त्यांच्यासोबतचा डेमेट्रियस. त्यांना जायचे होते केरळातील कोल्लमला. वाऱ्याने त्यांना येथे आणून टाकले. कोणाच्या दारी ते उतरले? त्या काळी ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची काही घरे होती. प्रवासी ओडोरिकने ती पंधरा असल्याचे लिहून ठेवले आहे. पंथ वेगळा, भाषा वेगळी, तरीही त्यांतील एका घराने या परक्यांना आसरा दिला. पुढे त्या चौघांना येथेच हौतात्म्य आले. मला त्या हुतात्म्यांइतकेच त्या निनावी घराचेही स्मरण होते. ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासाच्या उंबरठ्यावरच एक पाहुणचार उभा आहे.

याच इतिहासाची दुसरी बाजूही लपवता कामा नये. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, तेही आरंभी परदेशी आगंतुकच होते. पण घर आपलेच असल्यासारखे ते वागू लागले. बोरिवलीजवळची मंडपेश्वरची लेणी पाहावीत. शिवाचे ते देवस्थान मिशनऱ्यांनी प्रार्थनामंदिरात बदलले, आणि डोक्यावर मठ बांधला. श्रद्धा त्यांचीही खरी असेल. परंतु पाहुण्याने यजमानाचे देवघर ताब्यात घेतले, हे सत्य त्यामुळे बदलत नाही. पाहुणा कसा असावा आणि कसा नसावा, याचे दोन्ही धडे आपल्या पंचवीस-तीस मैलांच्या परिसरात आहेत. आज आपण त्यांपैकी कोणता गिरवीत आहोत?

याचे उत्तर समुद्रापर्यंत न जाताही मिळते. ठाण्याच्या डोक्यावर येऊर आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या अरण्याचे, हे ठाण्याकडील दार. तुळशी आणि विहार हे दोन तलाव त्याच्या कुशीत आहेत, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत, बिबटे आहेत, आणि कोणी उद्यान म्हणण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे पाडे करून राहिलेले आदिवासी आहेत. कान्हेरीच्या बौद्ध भिक्षूंनी कातळात टाकी खोदून पावसाचे पाणी साठवले आणि त्या डोंगरावर शतकानुशतके साधना केली. अरण्यात राहावे कसे, हे त्यांनी आपल्याला दाखवून ठेवले आहे. आपण येऊरला जातो ते बंगले भाड्याने घेऊन वाढदिवस साजरे करण्यासाठी. मध्यरात्रीपर्यंत चाललेल्या त्या संगीताने बिबट्याचे काय होते, आणि पहाटे कामावर निघणाऱ्या पाड्यावरच्या बाईच्या झोपेचे काय होते, याचा विचार कोणी करीत नाही. आता ठाणे-बोरिवली दुहेरी बोगद्याचे काम हाती घेण्यात आले आहे. २०२४ च्या जुलैत त्याचे भूमिपूजन झाले. पावणेबारा किलोमीटरांहून लांब असा हा मार्ग अरण्याच्या पोटातून जाईल. आपला प्रवास त्यामुळे लवकर होईल, हे मान्य. मात्र अरण्याच्या वरून जाताना जे आपल्याला दिसले नाही, ते खालून जाताना दिसण्याची शक्यता उरणार नाही.

येथे माझ्या धर्मग्रामातील मंडळी मला अडवतील. त्यांचे आक्षेप मी अनेकदा ऐकले आहेत, आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप श्रमाचा. "फादर, आम्ही आठवड्याचे सहा दिवस डोंबिवलीहून लोकलला लोंबकळत जातो. वर्षातून एक दिवस पाण्यात डुंबलो, तर आपण त्यातही पाप शोधता?" नाही. विश्रांती ही देवाचीच आज्ञा आहे. सातव्या दिवशी त्यानेही काम थांबवले. परंतु शब्बाथाची आज्ञा नीट वाचली, तर तीत केवळ घरधन्याच्या विश्रांतीचा उल्लेख नाही. दास, दासी, गुरे आणि वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांच्या विश्रांतीची ती आज्ञा आहे. आपल्या सहलीच्या दिवशी ज्या स्त्रिया पहाटे चारपासून पन्नास माणसांचा स्वयंपाक करतात, त्यांचा शब्बाथ कोणता? एकाची विश्रांती दुसऱ्याच्या न दिसणाऱ्या श्रमांवर उभी असेल, तर निदान ते श्रम पाहण्याचे सौजन्य तरी विश्रांती घेणाऱ्याने दाखवावे.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. "आम्ही जातो म्हणूनच तेथल्या लोकांच्या चुली पेटतात." खरे आहे, आणि म्हणूनच तेथे जाणे थांबवा असे मी म्हणत नाही. पण आपला पैसा कोणाच्या चुलीपर्यंत पोचतो, हे कधी पाहिले आहे काय? वसईची सुकेळी घ्या. राजेळी केळी सोलून, उन्हात दिवसचे दिवस वाळवून, ती मधासारखी होईपर्यंत राखायची, हा आपल्याच ख्रिस्ती बागायतदारांच्या घरांतील जुना उद्योग. किती सहलींनी वसईहून परतताना सुकेळी आणली? आपल्या पिशव्यांत निघतात ती महामार्गावरील दुकानांतली बटाट्याच्या कापांची पाकिटे. केळव्याच्या पानमळ्यात शिरून पान कसे खुडतात हे किती मुलांनी पाहिले? कोळणीकडून सुके बोंबील घेताना घासाघीस करणारे आपण, रिसॉर्टच्या छापील दरांपुढे मात्र मुकाट मान तुकवतो. रोजगाराचा कळवळा खरा असेल, तर तो बोंबिलाच्या भावातही दिसला पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. "कोणाची चित्रे, कोणाचे श्रम, हे बोलता बोलता आपण राजकारणात शिरता. धर्मगुरूने वेदीपाशी थांबावे." मी ज्याला राजकारण समजत नाही, पण ज्याला हे बंधू राजकारण म्हणतील, ते येथे उघडपणे सांगतो.

डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या अतिशय नाजूक असल्याचे केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून जाहीर केले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्या तालुक्याच्या रक्षणासाठी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. वाढवण गावच्या किनाऱ्यावर मोठे बंदर बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा याच प्राधिकरणाने १९९८ साली तो नाकारला. न्यायमूर्ती धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत वारले. पुढे प्रस्ताव नव्या रूपात आला. २०२३ च्या जुलैअखेर प्राधिकरणाने त्याला अटींसह संमती दिली. २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याचा पायाभरणी समारंभ झाला. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. समुद्रात १,४४८ हेक्टरांवर भराव पडायचा आहे.

त्या किनाऱ्यावर खडकाळ, उथळ समुद्र आहे. मासळी तेथे अंडी घालते, असे मच्छीमार पिढ्यानपिढ्या जाणतात. वाढवण, वरोर, चिंचणी या गावांत दागिन्यांचे ठसे कोरण्याचा, ज्याला तेथे डायमेकिंग म्हणतात, तो घरगुती उद्योग आहे. आपल्या मुलींच्या गळ्यातील सोन्याच्या पदकावरची नक्षी यांतील एखाद्या घरात कोरल्या गेलेल्या ठशाची असू शकेल. हे सारे लोक वर्षानुवर्षे बंदराला विरोध करीत आले आहेत. त्यांनी मोर्चे काढले, मानवी साखळ्या केल्या, न्यायालयाची पायरी चढले. बंदरामुळे देशाचा व्यापार वाढेल, नोकऱ्या निर्माण होतील, असे सरकार म्हणते. सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. माझे स्वतःचे मत लपवत नाही: जी जागा एकदा तोलून नाकारली गेली, ती पंचवीस वर्षांनी अधिक कणखर कशी झाली, हे मला उमगलेले नाही, आणि त्या कोळ्यांचे म्हणणे मला पटते.

परंतु आज माझी तक्रार सरकारविरुद्ध नाही. ती आपल्याविरुद्ध आहे. गेल्या वीस वर्षांत आपल्या या तीन शहरांतील धर्मग्रामांच्या किती बसगाड्या त्या किनाऱ्याकडे गेल्या असतील! तरी वाढवण हा शब्द निघाला, की आपल्या सभेत लोक एकमेकांकडे पाहतात. त्या गावात आपल्या ओळखीचे एकही घर नाही. ज्याच्या घरी आपण जेवलो असतो, त्याचे घर जात असल्याची बातमी आपल्याला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचावी लागली नसती. त्याने दूरध्वनी केला असता. गिऱ्हाइकाला कोणी दूरध्वनी करीत नाही. दुकान बंद झाले, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातो. डहाणूचा किनारा गेला, तर आपण सहल अलिबागला नेऊ. हेच आपले सारे दुःख!

राजकारण राजकारण म्हणतात ते याहून वेगळे काय असते? १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या विहिरी आणि बागायती बिल्डरांच्या घशात जाऊ लागल्या, तेव्हा 'हरित वसई'ची हाक देऊन फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरले. त्यांनाही वेदीपाशी थांबण्याचा सल्ला देणारे पुष्कळ होते. ते 'सुवार्ता'चे संपादक, पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी ते ख्रिस्तवासी झाले, तेव्हा सर्व धर्मांच्या लोकांनी शोक केला. आणि त्यांना सल्ले देणारेही त्या शोकात सामील होते. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहून पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हा एकच असल्याचे संपूर्ण ख्रिस्तसभेला सांगितले. त्या परिपत्रकाच्या प्रती आपण वाटल्या, त्यावर प्रवचने केली, रोपे लावून छायाचित्रे काढली. आक्रोश ऐकण्यासाठी मात्र आक्रोश करणाऱ्याच्या घरापर्यंत जावे लागते. तेथे आपण गेलो, तेव्हा आपले ध्वनिवर्धक चालू होते.

मग काय करावे? नुसती टीका करून थांबणे हे धर्मगुरूला शोभणारे नाही.

आदर्श शोधण्यासाठी लांब जायला नको. तो त्याच तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला आल्या, आणि १९५७ साली त्यांचे कार्य कोसबाडला गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात. कारण कोणी गुरे राखायला जात होते, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेले होते. या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरांमागे कुरणात नेली, तीच कुरणशाळा. या स्त्रिया शहरातून आल्या होत्या, शिकलेल्या होत्या, आणि तरीही त्यांनी यजमानाच्या घरचा दिनक्रम समजून घेतला, मग तोंड उघडले. अनुताई १९९२ साली मृत्यू येईपर्यंत त्या मुलखाच्याच होऊन राहिल्या. आपल्याला जन्मभर राहायचे नाही, एका दिवसासाठी जायचे आहे. एका दिवसापुरते तरी तसे जाता येईल की नाही?

माझ्या धर्मग्रामापुरते मी ठरवले आहे, आणि इतरांनीही विचार करावा म्हणून ते येथे मांडतो. यंदा रिसॉर्टची आगाऊ रक्कम भरली जाणार नाही. दोन बसगाड्यांऐवजी आपण गाडीने जाऊ. कोपरच्या वरच्या फलाटावर दिवा-वसई गाडी थांबते. वसईला ती बदलली, की डहाणूपर्यंत लोकल आहे. सकाळचा मिस्सा त्या परिसरातील एखाद्या छोट्या धर्मग्रामात, तेथल्या लोकांबरोबर होईल. दुपारचे जेवण पाड्यावर किंवा कोळीवाड्यात, तेथल्या बायकांनी ठरवलेले आणि त्यांनी सांगितलेल्या मोबदल्यात असेल. भाकरी आणि सुकी मासळी असेल, तर तीच आपण खाऊ. जेवणानंतर ज्यांनी रांधले, त्या बसतील आणि आपली तरुण मंडळी भांडी घासतील. ज्यांना चित्र घ्यायचे आहे, त्यांनी ते काढणारीकडून, भाव न पाडता घ्यावे. आणि घरी भिंतीवर लावताना चौकटीखाली तिचे नाव लिहावे. त्यानंतर तासभर आपण काही बोलायचे नाही. त्यांनी बोलायचे आणि आपण ऐकायचे. बंदराबद्दल बोलतील, धरणाच्या पाण्याबद्दल बोलतील, कदाचित मुलाच्या नोकरीबद्दल बोलतील. संध्याकाळी समुद्रही आहेच. त्यात मनसोक्त डुंबायला माझी हरकत नाही, मीही येईन.

कोणी म्हणतील, अशा सहलीला कोण येणार? पहिल्या वर्षी दहा घरे आली, तरी मला पुरेशी वाटतात. सातशे वर्षांपूर्वी ठाण्यात तीही जेमतेम पंधरा होती, आणि त्यांतले एकच दार परक्यांसाठी उघडले होते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे, तो फार क्वचित प्रवचनात येतो. संत पौलाचे गलबत फुटते आणि भिजलेली, थंडीने कुडकुडणारी माणसे माल्टा बेटाच्या किनाऱ्याला लागतात. तेथील रहिवासी परभाषी आणि परधर्मीय. तरीही ते त्यांच्यासाठी शेकोटी पेटवतात. तेव्हा पौल काय करतो? तो लाकडे गोळा करतो. ख्रिस्ताचा तो थोर प्रेषित, वादळातून नुकताच वाचलेला कैदी, परक्याच्या शेकोटीपाशी हात शेकत बसून राहिला नाही. दुसऱ्याच्या किनाऱ्यावर उतरलेल्या माणसाने कसे वागावे, हे त्याने काटक्यांची मोळी उचलून दाखवले.

आपणही दरवर्षी परक्या किनाऱ्यावर उतरतो, तेही वादळावाचून, वातानुकूलित बसमधून. शेकोटी तेथे पेटलेली असते. ती कोणीतरी आपल्यासाठी पेटवलेली असते. या वर्षी निदान चार काटक्या आपण उचलाव्यात, आणि ज्याच्या शेकोटीपाशी बसलो, त्याचे नाव विचारून यावे.